बंद खाणीवरची झाडे माझी नाहीत, याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
पडीक जमीन सुधार कार्यालय

विषय : माझा सत्कार रद्द करणे व सोमवारची झुडूपतोड थांबविणे याबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनपत्र, गेल्या मंगळवारी मिळालेले.

महोदय,

वरील विषयास अनुसरून खाली मान घालून कळवितो की, मी बंद दगडखाणीवर अकरा वर्षे माळी म्हणून नोकरीस आहे. मी लावलेल्या बाराशे रोपांपैकी अकराशे चार जगली, म्हणून येत्या बुधवारी माझा सत्कार ठरला आहे. पाहुण्यांना ती रोपे नीट दिसावीत यासाठी सोमवारी मजूर लावून सभोवतालची रानटी वाढ तोडण्याचा हुकूमही त्याच पत्रात आहे. साहेब, ती वाढ तोडल्यास तेथे सत्कारमूर्तीखेरीज उभे असे काहीच दिसणार नाही.

१. माझी रोपे पहिल्या दोन वर्षांतच मेली. ती कामचुकारपणाने नव्हे, तर माझ्या कष्टाने मेली, हे सांगताना अधिक लाज वाटते. दर आठवड्याला निंदणी करण्याचा नियम होता. मी गवताची काडी ठेवली नाही. दगडावर शेवाळ धरले तर तेही खरवडले. उघडी माती पावसाने वाहून जाई, ऊन मुळे भाजून काढी, आणि मी पुन्हा खुरपे घेऊन हजर. मुकादम म्हणत, "तुझी जागा म्हणजे घासलेलं ताट!" मी फुशारून जाई.

२. तिसऱ्या वर्षी उतारावरून घसरून माझा गुडघा मोडला. पुढे दीड वर्ष मी खाणीत उतरलो नाही. नोकरी जाईल या भीतीने नोंदवहीत मात्र दर आठवड्याला "निंदणी केली" असे लिहीत राहिलो. परत उतरलो तेव्हा गवत कमरेइतके होते. पुढे त्याच्या कुजलेल्या थरात काटेरी झुडपे आली, झुडपांवर पाखरे बसू लागली, त्यांच्या विष्ठेतल्या बियांतून झाडे उगवली आणि काट्यांच्या आड गुरांच्या तोंडातून वाचली. मी त्यांचे फोटो माझ्या रोपांचे म्हणून पाठवीत गेलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. बायको म्हणाली, "झाडं उगवली ना? मग कुणी लावली ते कोण विचारतंय? गप्प बसा." मी इतकी वर्षे गप्प बसलो.

३. आता सर्वांत लाजिरवाणी बाब. आपले पत्र मिळताच, स्वतःचे एखादे तरी रोप सापडावे व पाहुण्यांपुढे करता यावे, म्हणून मी परवा, बुधवारी, कोयता घेऊन गेलो. रोपे लावल्यावर निंदणीसाठी जेथे माझा हात पुन्हा कधी पोचला नव्हता, त्या तीव्र उतारावर एक मोठे काटेरी झुडूप तोडले. खाली, लावताना रोपाला बांधलेली माझ्या हातची पत्र्याची पट्टी सापडली, क्रमांक ७४१. रोप छातीइतके आणि हिरवेगार होते. मी तेथेच बसून रडलो. ज्या झुडपाने त्याला इतकी वर्षे पोटाशी धरले, ते मी अर्ध्या तासात भुईसपाट केले होते. काल दुपारी रोपाचा शेंडा करपला.

४. तरी नम्र विनंती की, सत्कार रद्द व्हावा, मजुरांना परत पाठवावे आणि मला योग्य ती शिक्षा द्यावी. माझ्या जागी कोणी नेमायचाच झाल्यास कृपया आळशी माणूस पाहावा.

५. क्रमांक ७४१ वर मी तोडलेल्याच फांद्या रोवून सावली केली आहे. ते जगेल की नाही, सांगवत नाही. तूर्त अहवालातील "जिवंत : अकराशे चार" खोडून "एक" असे लिहावे, आणि तेही पेन्सिलीने.

आपल्यासमोर उभा राहण्यास लाजणारा,
(सही)
माळी, बंद दगडखाण
शुक्रवार, सकाळ

सोबत :
१) नोंदवही, एक. खोट्या नोंदींखाली रेघ ओढली आहे; ती पानोपान ओढावी लागली.
२) खुरपे, एक. धार चांगली आहे, तरी कोणास देऊ नये.