मंत्र्यांशेजारची खुर्ची

दादा,

त्या नव्या नियमापायी तुझ्या साबणाच्या कारखान्याला टाळं लागलं, तरी तू मला एका शब्दानेही बोलला नाहीस. तेच जास्त लागलंय मला. पक्षनिधीच्या त्या जेवणात मंत्र्यांशेजारची खुर्ची तुला मीच मिळवून दिली आणि मीच तुला तिच्यावरून उठवलं.

आमच्या कारखानदार संघटनेत हे माझंच काम. देणगीदार आळीपाळीने त्या खुर्चीत बसतात, आपलं गाऱ्हाणं मांडतात आणि वेळ संपली की मी खांद्यावर हात ठेवते. तुला बजावलं होतं ना, बसल्याबसल्या नव्या नियमाचा विषय काढ, मोठ्या यंत्राची सक्ती छोट्यांना झेपणार नाही, एवढंच सांग?

आणि तू काय केलंस? त्यांच्या ताटाकडे बघून म्हणालास, "आधी सावकाश जेवून घ्या, साहेब. मग बोलू." बाबांनी लावलेलं वळण! जेवणाऱ्या माणसापाशी कामाचं काढायचं नाही. तू त्यांना पाणी ओतून दिलंस आणि गप्प बसून राहिलास. मागे उभ्याउभ्या मी घड्याळ बघत होते. पुढचा देणगीदार घसा खाकरायला लागला, तसा मी हात ठेवला. तुला वाटलं, मी कौतुकानेच ठेवलाय. तू तो थोपटलास आणि हसत उठलास.

निघताना मंत्र्यांनी मला विचारलं, "ते पाणी देणारे गृहस्थ कोण हो? एवढ्या जणांत त्यांचंच सगळं ठीक चाललेलं दिसतंय. काहीच मागितलं नाही त्यांनी."

मी म्हणाले, "हो, साहेब."

तुझी
धाकटी