गिअरच्या मुठीचं चंदन

राजन,

भाजी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव. मी ट्रेननं डीमनला, मैत्रिणीकडे, अपूर्वाकडे जाते आहे. रात्रीच्या कर्फ्यूच्या आत परतेन म्हणून वाट बघत बसू नकोस.

त्या जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअरचा दांडा तू कापून आखूड केलास, ते ठीक. पण त्याच्यावर बसवायच्या मुठीसाठी तू देव्हाऱ्यातलं चंदनाचं खोड घेतलंस. माझी आई त्यानं रोज गंध उगाळायची. मी देश सोडून इकडे यायला निघाले तेव्हा तिनं ते सहाणेसकट माझ्या बॅगेत घातलं होतं. "नुसतं पडून तर होतं," म्हणालास, आणि वर मूठ कौतुकानं दाखवलीस.

ती मूठ आता शोधू नकोस. सकाळी बागेत तुझ्या बार्बेक्यूमध्ये जाळली. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा लॉकडाउनमुळे विमानं बंद होती. तिच्या चितेवर चंदनाचा तुकडा ठेवायला घरचं कुणीच नव्हतं. म्हटलं, तेवढं तरी आज करावं.

तुझं वॉर्निश मात्र पक्कं निघालं. शेवटपर्यंत त्याचाच वास येत राहिला, चंदनाचा आलाच नाही.

सहाण ओट्यावर ठेवली आहे. गाडीत कुठे बसते का बघ.

मंजूषा