किल्लेदार विचारात पडला

चि. शरयूस आशीर्वाद.

सरकारी दफ्तरं इथून भोपाळला हलली आणि तूही नोकरीसाठी तिकडे गेलीस, तेव्हापासून आपला खेळ पोस्टकार्डांवर चालतो. मी किल्लेदार, तू वाटसरू. एकाने काही करायचं, पुढचं दुसऱ्याने. मागच्या एका कार्डात तुझी वाटसरू दारात येऊन म्हणाली, "सोबत माझा जोडीदार आहे, सिंधी आहे. दोघांना आत जागा मिळेल?"

हे नुसतं खेळातलं विचारणं नाही, एवढं मला कळलं. घाबरून मी लिहिलं, "किल्लेदार विचारात पडला."

लगेच तुझं उत्तर आलं, "बाबा, ऐसे नहीं चलेगा! विचारात पडून त्याने केलं काय? मला धुक्यात काहीच दिसत नाही."

इथे माधवगंजात आज खरंच धुकं आहे. माझी शाळा अर्ध्यात सुटलेली, नेमकं लिहायला जमत नाही. नातेवाईक काय म्हणतील, या धास्तीने जेवण जात नाही. पण डोळे मिटले की तुम्ही दोघं तटाबाहेर कुडकुडताना दिसता.

माझी ही रड तुला कशाला? हे पत्र न पाठवता इथेच राहू दे. कार्डावर एवढंच लिहितो: किल्लेदाराने स्वतः अडसर काढला, जोडीदाराच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि म्हणाला, "आत या पोरांनो, चहा ठेवलाय."

तुझा घाबरट
बाबा