घोडा पोचला का?

जळगाव,
सोमवार, ता. २९ जून १९८७

तीर्थरूप सौ. अक्कास,

धाकट्या मगनचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही नमस्कार सांगावा, पण त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो असं लिहीत नाही, कारण उजवा प्लास्टरात आहे आणि डाव्याला गुदगुल्या होतात. आता कसा आहे पाय? खाज सुटली तर विणायची सुई आत घालू नये, असं आमचे हेडक्लार्क सांगतात (त्यांच्या मेव्हण्याची सुई आतच राहिली). अँटेना फिरवायला पत्र्यावर चढू नका, हे मी दाजींना दिवाळीतच बजावलं होतं. चढलाच तर निदान "आलं का? आलं का?" असं विचारत मागे मागे सरकू नये. टीव्हीपायी आपल्या घराण्यात पाय मोडून घेणारे ते पहिलेच. माझी मात्र झोप मोडली आहे, ती का ते पुढे कळेलच.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. रीत मोडू नये म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर अक्का, मी फार भ्यालो आहे. मी जन्माचा भित्रा, हे तुला नव्याने सांगायला नको. पत्र्यावरून मांजर गेलं तरी मी तुझ्या पदरात शिरायचो. पण ती भीती मांजराबरोबर निघून जायची. ही जात नाही. सकाळी चहाला माझ्या आधी येऊन बसते, ऑफिसात माझ्याबरोबर येते आणि संध्याकाळी परत घरी.

माझे सासरे तोतारामआबा वारले, त्याचं कार्ड तुला मिळालंच असेल. दाजींच्या पायामुळे तू येऊ शकली नाहीस, याबद्दल कुणी काही बोललं नाही. (धुरपदाबाई बोलल्या, पण त्या शेजारीण असल्यामुळे धरायचं नाही.) त्या कार्डात "आबांनी देवाचं नाव घेत शांतपणे देह ठेवला" असं वाक्य आहे. ते मीच लिहिलं आणि ते साफ खोटं आहे. आता सारं तुझ्यापुढे ओकून टाकतो, कारण मनात ठेवून माझं जेवण तुटलं आहे.

आबांचा दरारा तुला ठाऊक आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी कधी पाठ टेकून बसलो नाही. त्यांच्या गावच्या, असोद्याच्या देवळाच्या पंचांत ते मुख्य. एकदा सप्ताहाच्या दिवसांत कुणा हौशी माणसाने गावात व्हिडिओ आणला, तर आबांनी भर चौकात जाऊन वायर उपटली आणि ती कमरेला गुंडाळून कीर्तनाला बसले. तेव्हापासून त्यांच्यापुढे सिनेमा हा शब्द काढायची असोद्यात कुणाची छाती नाही. आणि हेच आबा, दोन वर्षांपूर्वी मी टीव्ही घेतल्यापासून, दर रविवारी सिनेमा लागायच्या आधी आमच्या दारात हजर! गावात सांगून येत की डॉक्टरांकडे जातो. रविवारी कुठले डॉक्टर बसतात, हे आबांना विचारणार कोण?

आता माझी जुन्या सिनेमांची भक्ती तू जाणतेसच. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची मी वहीत नोंद ठेवतो: गाणी किती, मरणं किती, लाईट कुठे गेली. मला काळेपांढरेच लागतात, तेही शब्द न् शब्द ऐकायला. आबा मात्र टीव्हीपासून एक हातावर मान ताणून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, "मंग?" म्हणजे मी सांगायचं, की आबा, आता ती रडते आहे, आता ठाकूर मिशीवर ताव देतो आहे, आता मागून कुणीतरी आलं. "कोन आलं?" त्याचा भाऊ आला आबा. "कसा दिसतो?" दोन वर्षांत एक गाणं मी अख्खं ऐकलं नाही. आतल्या आत चरफडायचो. (बाहेरून कधीच नाही. बाहेरून मी "हो आबा" म्हणायचो.)

तर सात जूनचा रविवार. सिनेमा असा, की ज्याचं नाव ऐकून मी म्हातारा व्हायला आलो होतो पण पाहायला कधी मिळाला नव्हता. नाव इथे लिहीत नाही. त्या दिवसानंतर दोनदा तोंडून निघालं आणि दोन्ही वेळा फ्यूज उडाला. नावाड्याच्या मुलीवर ठाकुराला विष घातल्याचा आळ येतो, ती पिंजऱ्यात उभी आहे, जज्जाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तोंड उघडलं, आणि बातम्या लागल्या. बातम्यावाल्या बाईंनी नमस्कार केला, आबांनी नेहमीप्रमाणे उलट रामराम केला, आणि मला म्हणाले, "जवाईबापू, मंग त्या पोरीले सोडलं का?" मी म्हणालो, "आबा, बातम्या तर होऊ द्या!" अक्का, नऊ वर्षांत मी त्यांना उलटून बोललेलं हे एकच वाक्य, आणि नेमकं तेच शेवटचं ठरलं.

बातम्यांनंतर सिनेमा पुढे सुरू झाला. मुलीला फाशी सांगितली. तुरुंगातलं गाणं झालं आणि आबांनी मध्ये एकदाही "मंग" म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, डोळा लागला, बरं झालं. (बरं झालं! हेच शब्द.) दोन वर्षांत पहिल्यांदा मी एक गाणं मुखड्यापासून शेवटापर्यंत ऐकलं आणि सुखावलो. मग मुलीचा भाऊ खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब खिशात घालून घोड्यावर निघाला. तिकडे पडद्यावर वादळ, इकडे आमच्या गल्लीत वादळ. जेलर घड्याळ बघतो आहे, घोडा नदीत उतरला आहे, आणि लाईट गेली. मी मांडीवर थाप मारून ओरडलो, "आबा, घोडा राहिला हो!" सुनंदा आतून कंदील घेऊन आली. तिने तो वर धरला तेव्हा आम्हाला कळलं.

डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल. म्हणजे तेवढा वेळ मी वारलेल्या सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून सिनेमा बघत होतो आणि मजेत होतो. हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. असोद्याची माणसं आली, शेवटचं काय बोलले म्हणून विचारू लागली. देवळाच्या पंचाने जाताना नावाड्याच्या पोरीची चौकशी केली, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणालो, "रामराम म्हणाले." एवढं खरं होतं. कुणाला म्हणाले ते सांगितलं नाही.

दहाव्याला तापीवर गेलो. पिंड मांडला. झाडावर तीस-चाळीस कावळे, पण एक खाली उतरेना. थोरल्या मेव्हण्याने हात जोडून सांगितलं की केळीच्या बांधाचं भांडण मिटवतो. कावळे ढिम्म. सासूबाईंना आम्ही अंतर देणार नाही, असं सांगितलं. कावळे ढिम्म. धाकट्या भटूचं लग्न करून देऊ, देवळाला कळस चढवू, सगळं झालं. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले आणि सासूबाई तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. इकडे मी गर्दीत मागे मागे सरकत होतो, कारण आबांचं कशात अडकलं आहे हे त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं.

शेवटी पुढे झालो. पिंडापाशी बसलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "आबा, सोडलं तिला. घोडा वेळेवर पोचला. जेलरने दोर काढला, भावाने तिला घोड्यावर बसवलं, बाप घाटावर वाट बघत होता. गोड झालं सगळं." मी उठून चार पावलं मागे आलो असेन नसेन, एक म्हातारा कावळा खाली आला, चालत चालत पिंडापाशी गेला आणि भाताला चोच लावली. लोकांनी हंबरडा फोडला. मला घाम फुटला. कारण अक्का, घोड्याचं मला काहीच माहीत नाही! त्या वादळाने जळगावातली लाईट दोन दिवस गेली होती, शेवट कुणीच पाहिलेला नाही. मी माझ्या मनाने ठोकून दिलं. आणि माझ्या वहीचा अनुभव असा, की पहिल्या तासात तीन रडकी गाणी असली तर नायिका वाचत नाही. यात चार होती. म्हणजे उभ्या गावाला दरडावणाऱ्या माणसाला मी मेल्यावर फसवून वाटेला लावलं.

पुढचं ऐक. मी कावळ्याला काय सांगितलं, हे सांगायला मी तयार नाही, म्हणून गावाने आपलं आपणच ठरवलं, की जावयाने भटूला सांभाळायचा शब्द दिला. तेराव्यानंतर भटू ट्रंक आणि गादी घेऊन आमच्याकडे आला. पोरगा सव्वीस वर्षांचा, कामधंदा नाही. (हे मी एकदा बोललो होतो, तेव्हापासून आमच्याकडे फिरकत नव्हता.) नाही म्हणू तर मग कावळ्याला काय सांगितलं, असं लोक विचारतील. तो नेमका आबांच्या जागी बसतो, टीव्हीपासून एक हातावर. परवा त्याने मागून नुसतं "मंग?" म्हटलं आणि माझ्या हातातली बशी पडली.

आणि कावळा! गेले दोन्ही रविवार, सिनेमा सुरू व्हायच्या सुमारास, एक कावळा येऊन आमच्या अँटेनावर बसतो. चित्र थरथरतं, नायकाला दोन डोकी दिसतात. मी बाहेर जाऊन हात जोडले, तरी हलला नाही, म्हणून दोन्ही वेळा टीव्हीच बंद करून टाकला. धुरपदाबाई शिरपूरकडच्या, त्यांना यातलं कळतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाऊ कावया काहीतरी सांगाले येस." काय सांगायला येतो ते मला पक्कं ठाऊक आहे. आबांना तिकडे खरा शेवट कळला आहे. आता मी टीव्हीची दारं ओढून कुलूप लावलं आहे. सुतकातला एक आणि हे दोन, असे दोन वर्षांत पहिल्यांदा वहीत लागोपाठ तीन रविवार कोरे गेले. आणि पुढच्या मंगळवारी, सात जुलैला, आबांचं महिन्याचं श्राद्ध आहे. पुन्हा पान वाढायचं, पुन्हा कावळ्यापुढे उभं राहायचं.

असो. मी तुझी आणि दाजींच्या पायाची खुशाली विचारण्यासाठीच हे पत्र लिहिलं आहे. दुसरं काही कारण नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
मगन

ता. क. सहज विचारतो. सात जूनला धुळ्यात लाईट होती का? असली तर तू शेवटपर्यंत बसली असणारच. घोडा पोचला का, एवढं उलट टपाली कळव. मंगळवारच्या आत यायला हवं.

ता. क. दुसरा. पोचला नसेल, तर मला लिहू नकोस. त्याऐवजी "घोडा पोचला" असं एका वेगळ्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात लिहून पाठव. ती मी पानाशेजारी वाचून दाखवीन. तू म्हटलंस म्हणजे निदान माझा एकट्याचा शब्द राहणार नाही. पत्र सुनंदाच्या हाती पेटीत टाकायला देतो आहे, कारण पेटीवरच्या निंबावर हल्ली कावळे फार. पाकीट चिकटवलेलं आहे आणि ती काही उघडून बघणाऱ्यातली नाही.

सौ. अक्कांना सुनंदाचा नमस्कार. पाकीट चहाच्या वाफेवर उघडलं, रागावू नये. त्या अर्ध्या तासाचं वाचून आधी रडले, मग हसू आलं, मग पुन्हा रडले. यांना एक गोष्ट माहीत नाही. गेल्या दिवाळीपासून आबांना दोन्ही डोळ्यांनी उजेडाशिवाय काही दिसत नव्हतं. मोतीबिंदू काढायला ते भ्यायचे आणि भ्यायचे हे कुणाला कळू द्यायचे नाहीत. भटू त्यांना बसमधून आणून आमच्या कोपऱ्यावर सोडायचा आणि सिनेमा संपेपर्यंत स्टँडवर बसून राहायचा, कारण यांनी त्याला ऐतखाऊ म्हटलं होतं. आबा यांच्या तोंडून सिनेमा ऐकायला यायचे. मला म्हणायचे, तुझा नवरा भित्रा आहे, पण सांगतो झकास. यांनी जे सांगितलं तोच आबांचा सिनेमा, मग खोटं कशाला म्हणायचं? कावळ्याचं म्हणाल, तर मी रोज संध्याकाळी साडेपाचला आबांच्या नावाने गच्चीवर भाकरीचा कुटका ठेवते. हे घरी असतात फक्त रविवारी, म्हणून यांना रविवारचाच दिसतो. हे सगळं मी यांना सांगणार आहे, पण आत्ता नाही. भटूचं इथल्या एका डाळमिलमध्ये जवळजवळ ठरलं आहे, ऑगस्टपासून घेतील. तोवर त्याला या घरात राहायला मिळायला हवं, आणि यांची भीती गेली तर हे त्याला ठेवून घ्यायचे नाहीत. तेव्हा अक्का, घोडा पोचला असो की नसो, तुमचं उत्तर ऑगस्टातच येऊ द्या.