रायझिंग आणि फॉलिंग

आबा, पोरीला दुपारपासून ताप आहे आणि मला तुमचे ते दोन इंग्रजी शब्द आठवताहेत. उभ्या जन्मात तुम्हाला तेवढेच यायचे. सारंगखेड्याच्या घाटावर, तापीत रोवलेल्या खांबावर पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि खाली सुरतेकडे तार करवायची, हे तुमचं काम. तारेत शब्द जायचा रायझिंग, नाहीतर फॉलिंग. मी शाळेत जायच्या आधीच तुम्ही ते माझ्याकडून घोकून घेतले. "चढनं ते रायझिंग, उतरनं ते फॉलिंग. ध्यानमा ठेव." मी विचारलं, यातलं चांगलं कोणतं? तुम्ही भाकरीचा घास हातात धरून विचार करत बसलात. "नदीनं फॉलिंग बरं, कपाशीना भावनं रायझिंग बरं. काय चढस, काय उतरस ते दखनं पडस, पोरी." चुलीपुढून आई म्हणाली, "जेवन थंडं व्हई ऱ्हायनं, ते बी फॉलिंगच ना?" आणि तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात.

पुढच्या पावसाळ्यात मी तापाने फणफणले तेव्हा कुणी हसलं नाही. डॉक्टर पैलतीरावर, नदी दुथडी, नाव बंद. तुम्ही घाटावर जाता, खांब बघता, परत येता आणि ओल्याच हाताने माझं कपाळ बघता. आई उंबऱ्यातून विचारते, "काय शे?" पाण्याचं विचारते की माझं, मला कळत नाही. तुम्ही म्हणता, "रायझिंग." दोन्हीचं उत्तर तेच असतं. मग एकदा कपाळावरचा हात न काढताच तुम्ही म्हणालात, "फॉलिंग." आईला रडू फुटलं. आबा, मला माझं अंग कळत होतं. डोळे भाजत होते, दात वाजत होते. नदीबद्दल तुम्ही कधी बोटभरही खोटं कळवलं नाहीत, खालची माणसं तुमच्या शब्दावर गुरं सोडवून वर न्यायची. आणि घरात मात्र बिनदिक्कत खोटं बोललात. तरी मला झोप लागली. संध्याकाळी पाणी खरंच उतरलं, डॉक्टर आले, मी वाचले.

पुढे कितीतरी वर्षं मला त्या खोट्याचा राग होता. आज पोरीने विचारलं, "आई, उतरला का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फॉलिंग." ती इंग्रजी शिकते, तिला शब्द कळतो. लगेच डोळे मिटून पडली. तुमच्याकडे नुसता हात होता, माझ्याकडे थर्मामीटर आहे. मघाशीच तिच्या काखेतून काढून उशाशी ठेवलाय, पण उचलून बघितलेला नाही. तुम्ही भर पुरात त्या खांबापर्यंत जायचात आणि मला उशापर्यंत हात नेववत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण लिहून होईपर्यंत तरी पारा बघावा लागत नाही.