शुक्रवारचा हात

प्रिय धाकट्या,

तुला आणि घरच्या सगळ्यांना ताईचे आशीर्वाद.

मी लेकीकडे मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तिथेही कुरकुरायचाच. तुझा खोकला गेला का?

आज शुक्रवार, म्हणून बाबा फार आठवले. सूर्य मावळला की आपल्या ज्यू घरात शब्बाथ, शनिवार संध्याकाळपर्यंतचा पवित्र विसावा; म्हणून त्याच्या आत ते शिलाई मशीन बंद करायचे आणि शब्बाथचा आशीर्वाद द्यायला आपल्या डोक्यावर हात ठेवायचे. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात गेल्यावरही दर शुक्रवारी चालत फाटकाशी येऊन गजांतून हात घालायचे. माझ्या केसांत दोऱ्याचे तुकडे राहायचे. मी ते काढत नसे. सिस्टर म्हणायच्या, "तुझे बाबा आमच्या घंटेहून वक्तशीर."

तू गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड कापून तंबू केलास, तेव्हा आठवडाभर ते तुझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी मात्र तुझ्या डोक्यावर हात ठेवलाच. म्हणाले, "राग रविवारी पुढे चालू."

तुझा लेक नोकरी सोडून आला म्हणून तू त्याच्याशी अबोला धरलायस, असं त्याच्या आईने कळवलं. चूक त्याची असेलही. पण येत्या शुक्रवारी त्याच्या डोक्यावर हात ठेव. बाकीचं रविवारी बघ.

तुझीच,
ताई