खिळ्यांचा पट्टा

अप्पा, आज तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा भांडले नाही, कारण तुम्ही समोर आलात की मला रडू यायचं, आणि रडत रडत धड भांडता येत नाही. आता तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आई गेली, मीही आजी झाले. कळंबच्या बाहेर, नदीच्या अंगाला आमचं घर आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. तुमच्या नातवानं, माझ्या लेकानं, घराला पुढून लोखंडी जाळी बसवून घेतली. ओटा, चूल, न्हाणी, सगळं जाळीच्या आत. दिवेलागणीला आम्ही आत जाऊन कडी घालतो, आणि बिबट्या मोकळा फिरतो. आपल्याकडे त्याला अजून वाघच म्हणतात. माणसं पिंजऱ्यात आणि वाघ बाहेर, हे बघून तुम्ही पोट धरून हसला असतात. मग उठून कडी नीट लागली का ते बघितलं असतंत, तेही मला माहीत आहे.

कांदा खुरपायला बसताना आम्ही बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतो. तसलेच, जे तुम्ही मेंढरांमागच्या कुत्र्यांना घालायचात. खाली वाकलेल्या माणसाच्या मानेवर तो झेप घेतो, म्हणून. वनखात्याच्या लोकांनी पट्टे पहिल्यांदा वाटले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. एक जण म्हणाली, "आगं, मंगळसूत्र आता वर घालू का खाली?" मग शेजारच्या वस्तीवरचं लेकरू गेलं आणि हसणं बंद झालं. तेव्हापासून माझ्या नातीला शाळेत पाठवणंही आम्ही बंद केलं. सात वर्षांची पोर. तिच्या मानेला मोठा पट्टा बसेना, म्हणून मी जुन्या चामड्याचा लहान करून घेतला. ती तो घालून जाळीच्या आत भातुकली खेळते आणि बाहुलीलाही तसलाच पट्टा मागते. लोक म्हणतात, आजी लई जपते. जपतेच मी. पण तो पट्टा तिच्या गळ्यात पहिल्यांदा अडकवला तेव्हा मला तुमचे हात आठवले.

आपला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तेव्हा इथून जवळच बसला होता. दिवाळी झाली की लोणीकडून मेंढरं घेऊन आपण नदीकाठाला यायचो, एकेका शेतात रात्री मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत पडलं की बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढच्या शेतात. मी अकरा वर्षांची, धाकटा पाच. संध्याकाळची वेळ, आई भाकरी करत होती. धाकटा एका कोकराच्या मागं उसाच्या कडेला गेला. यापुढचं मला अजूनही लिहिता येत नाही.

माती दिल्यावर चुलते तुमच्याजवळ येऊन बसले. तरुणपणी पाय मोडून तुम्ही मिशनच्या दवाखान्यात पडून होतात, तिथून काठी आणि येशू असं दोन्ही घेऊन आलात, अशी ते तुमची चेष्टा करायचे. पण भावकीनं तुम्हाला कधी तोडलं नाही. मेंढरं एकत्र, जेवण एकत्र. फक्त देवाला बकरं द्यायच्या दिवशी तुम्ही लांब उभे राहायचात. त्या दिवशी मात्र चुलते रडत रडत म्हणाले, "देवाचं दिलं नाईस, म्हनून त्यानं न्हेलं. आता तरी दे बाबा, दुसरं लेकरू हाय." दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळक आले, एस्टीनं, घामाघूम होऊन. भले गृहस्थ होते. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, प्रभूला तो आवडला, प्रभूनं त्याला बोलावून घेतलं, त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत. तेव्हा तुम्ही मान वर केलीत.

"तुमी आन माझा भाऊ एकच बोलताय," तुम्ही म्हणालात. "नका बोलू आसं. पोर देवानं न्हाई न्हेलं, वाघानं न्हेलं. देव कालपास्नं माझ्याजवळ बसून रडतोय. त्याला बी जरा रडू द्या."

पाळक खाली बसले. चुलत्यांनी चहा केला आणि तो त्या दोघांनी मिळून तुम्हाला जबरदस्तीनं पाजला.

मला मात्र तुमचा राग आला. रडणारा देव मला नको होता, राखणारा हवा होता. मी म्हाताऱ्या कुत्र्याचा पट्टा काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. दिवसा घालायचे, झोपतानाही घालायचे. खिळे उशीला अडकायचे. पालातून बाहेर पाऊल टाकत नव्हते. आईनं बघून न बघितल्यासारखं केलं. तिला आत कुठंतरी बरंच वाटत असावं. तुम्ही बघितलंत तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "काढ त्यो! तू काय राखनीचं कुत्रं हायेस?"

मीही ओरडले, "तुमचा देव राखतोय का? त्याला राखलं का?"

तुम्ही चटकन खाली बसलात, कुणी मागून ढकलल्यासारखे. मग बक्कल सोडायला लागलात. घाईत खिळा तुमच्या अंगठ्यात घुसला. रक्त पुसायचंही तुम्हाला सुचलं नाही. "मला ठाऊक नाय गं का नाय राखलं," तुम्ही म्हणालात. "रोज इचारतो. त्यो सांगत नाय. पर एक लेकरू वाघानं न्हेलं. दुसरं भ्यानं न्हेलं, तर माझं काय ऱ्हायलं?"

पट्टा तुम्ही परत कुत्र्याच्या गळ्यात घातलात. मेंढरांभोवती काटेरी झापांचं कुंपण केलंत, जाळ पेटवलात, जे करायचं ते सगळं केलंत. देव बघून घेईल म्हणून हातावर हात ठेवून बसणारे तुम्ही नव्हतात. आणि सकाळी मला मेंढरांच्या पुढं चालायला लावलंत. तुम्ही मागं. मी वळून बघायचे तर तुमचा चेहरा दगडाचा. यांना भीतीच वाटत नाही, असं मला वाटायचं. यांच्याकडं असा काही विश्वास आहे जो यांच्यापाशीच संपला, माझ्यापर्यंत आला नाही. अप्पा, माझं भांडण आहे ते हेच. तुम्ही मला धाडस शिकवलंत, पण तुमच्या पोटात काय चाललं होतं ते एकदाही दाखवलं नाहीत. मी आयुष्यभर स्वतःला कमी विश्वासाची समजत राहिले. उपासनेला जायचे, मान खाली घालून बसायचे, आणि वाटायचं की बाकीच्या सगळ्यांना तो विश्वास मिळालाय, मीच तेवढी कोरडी.

परवाच्या रविवारी पाळकांनी खऱ्या स्वातंत्र्यावर उपदेश केला. हे नवे पाळक, तरुण आहेत, घोडेगावहून मोटारसायकलवर येतात. ज्याचा देवावर भरवसा तो मोकळा, असं म्हणाले. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाहेर आलो तर दाराशी चपलांच्या शेजारी सगळ्यांचे पट्टे काढून ठेवलेले. ज्याचा त्याचा शोधून जो तो गळ्यात घालू लागला. पाळकांनीही घातला, आणि त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. मला त्या पोराची फार माया आली. मी त्याचं बक्कल लावून दिलं.

सोमवारी सकाळी नातीनं दप्तर काढून पुसलं आणि जाळीपाशी जाऊन बसली. तुमचा नातू पिकअप घेऊन मंचरला मार्केटात गेला होता. मी तिच्याजवळ गेले आणि तिचा पट्टा काढला. मानेवर लाल वळ होता. हातात कोयता घेतला, कडी काढली, आणि आम्ही शाळेकडं निघालो. वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस. वाटभर मी प्रार्थना केली असं तुम्हाला सांगायला आवडलं असतं, पण नाही केली. नुसता पाचटाच्या आवाजाकडं कान होता. मोकळं वगैरे काही वाटत नव्हतं. देवाला मनात एवढंच म्हणत होते की तू नसलास तरी निदान आहेस असं दाखव.

ओढ्याच्या वळणावर तिला शाळेतल्या मैत्रिणी दिसल्या. ती माझा हात सोडून पळत सुटली. मी पाठीमागं. "थांब" ही हाक माझ्या घशापर्यंत आली होती. तिनं धावता धावता वळून माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी चेहरा दगडाचा केला.

अप्पा, मी हाक मारली नाही. भीती मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.